मूठ उशिरा का वळली

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला मार्लीस हेडरिक ऑटर फोर्कच्या मेथॉडिस्ट चर्चच्या तळघरात उतरली, तेव्हा आधी येऊन बसलेले अकरा रेफरी एकदम बोलायचे थांबले. म्हणजे विषय तीच होती. तिने बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर जरा जास्तच जोरात झटकला, कॉफीचा कप भरून घेतला आणि नेहमीची मागची खुर्ची सोडून मुद्दाम पुढच्या रांगेत जाऊन बसली. तोंड लपवायला ती आलेली नव्हती.

दर सोमवारी जिल्ह्यातले बास्केटबॉलचे रेफरी इथे जमतात. शुक्रवारी-शनिवारी शाळांच्या जिममध्ये लोकांच्या शिव्या खायच्या आणि सोमवारी एकमेकांच्या, असा हा नेम थंडी पडल्यापासून बर्फ वितळेपर्यंत चालतो. टेबलाच्या टोकाला हॉबर्ट ग्रिम्स बसतात. वय एक्क्याऐंशी, एका कानात यंत्र, गुडघ्यांवर पांघरूण. ते जिल्ह्याचे नियम-दुभाषी. असं पद खरोखर आहे. नियम इंग्रजीत, ऐकणारे जन्माने इंग्रजी बोलणारे, तरी मध्ये दुभाष्या लागतो, कारण पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांनी उचकी, जांभई, मैदानात घुसलेलं कुत्रं असल्या गोष्टींचा विचारच केलेला नसतो. तो हॉबर्टनी चाळीस वर्षं केला होता आणि एका जाड निळ्या वहीत लिहून ठेवला होता.

त्या संध्याकाळचा प्रश्न शिंकेचा होता.

तक्रार करणारा समोरच बसला होता, हॅन्सबर्ग शाळेचं हिरवं जाकीट घालून, हाताची घडी घालून. मुलींच्या संघाचा कोच वेंडल स्ट्रीगल. वेंडलची ओळख एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण तो एकोणीस वर्षं मार्लीसचा नवरा होता आणि गेली पाच वर्षं नव्हता.

"आता सगळे आलेत," हॉबर्ट म्हणाले. "वेंडल, तू इथला सभासद नाहीस, पाहुणा आहेस. पाहुण्यासारखा बस. ओरडायचं नाही."

"मी कधी ओरडतो?" वेंडल ओरडला.

तळघरात हसू पिकलं. मार्लीस हसली नाही. उद्या, मंगळवारी दुपारी, राज्य मंडळाची यादी लागणार होती. विभागीय स्पर्धेला कुणी शिट्टी वाजवायची त्याची यादी. सतरा वर्षं तिने धाकट्या वर्गांचे सामने, रविवारचे सामने, कुणालाच नको असलेले दूरगावचे सामने निमूट केले होते. या जिल्ह्यातून विभागीयला अजून एकही बाई गेलेली नव्हती. यंदा हॉबर्टनी तिचं नाव पाठवलं होतं आणि ते पक्कं आहे असं सगळेच दबक्या आवाजात म्हणत होते. मात्र आज 'हिने नियम चुकीचा लावला' असा निकाल झाला, तर हॉबर्टना इथूनच फोन करून ते नाव मागे घ्यावं लागणार होतं. आणि पुढच्या वर्षी बघू म्हणावं, तर गुडघे. मार्लीस चोपन्न वर्षांची, दिवसभर पायी हिंडून टपाल वाटणारी. गेल्या महिन्यात डॉक्टरने तिच्या डाव्या गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरला आणि नुसतीच मान हलवली होती. काय ते यंदाच, हे तिला कळून चुकलं होतं.

*

घडलं ते असं. शुक्रवारी हॅन्सबर्गची ऑटर फोर्कशी गाठ होती. नेमलेल्या तीन रेफरींपैकी दोघांची गाडी बर्फात खड्ड्यात गेली. उरला एकटा लॉयड टेरविस्क. शाळेने मार्लीसला फोन केला. नातेवाइकांच्या सामन्यात रेफरी व्हायचं नाही हा नियम आहे, पण सोडलेला नवरा नातेवाईक धरायचा की नाही, यावर पुस्तक गप्प आहे. जिम माणसांनी भरलेलं, पॉपकॉर्न फुटून तयार, पोरी गरम होऊन उभ्या. मार्लीस गेली.

सामना झकास झाला. शेवटचा एक सेकंद उरला होता, हॅन्सबर्ग एका गुणाने पुढे होतं, आणि ऑटर फोर्कच्या टेसा ब्रूनरला बास्केटखाली धक्का लागला. दोन फ्री थ्रो.

फ्री थ्रो म्हणजे खरं तर खेळातली सगळ्यात साधी गोष्ट. जिला धक्का लागला तिला रेषेवर उभं करायचं, हातात चेंडू द्यायचा आणि म्हणायचं, दहा सेकंदांत टाक बाई. मधे कुणी येत नाही, कुणी अडवत नाही. आणि या साध्या गोष्टीवरच पुस्तकात सगळ्यात जास्त भानगडी आहेत. चेंडू रिंगला लागलाच पाहिजे. नुसता हवेतून खाली आला तर गुन्हा टाकणारीचा, गुण नाही आणि चेंडू समोरच्यांना. पण समोरच्या संघातल्या कुणी, मैदानावरच्या किंवा बाकावरच्या, तिचं चित्त मुद्दाम विचलित केलं असेल, तर गुन्हा त्यांचा आणि तिला आणखी एक संधी. प्रेक्षकांना मात्र सगळं माफ. त्यांनी डबे बडवावेत, भोंगे वाजवावेत, टेसाच्या आत्याने तर एकदा गाईची घंटा आणली होती.

रेफरीने असा गुन्हा पाहिला की लगेच शिट्टी मारायची नसते. हात आडवा करायचा, मूठ वळायची आणि थांबायचं. चेंडू आत गेला तर मूठ उघडून टाकायची, काही झालंच नाही. चुकला तर मग शिट्टी.

टेसाने पहिला टाकला. आत. बरोबरी. दुसऱ्यासाठी तिने चेंडू तीनदा जमिनीवर आपटला, गुडघे वाकवले, हात वर नेले, आणि नेमक्या त्या क्षणी हॅन्सबर्गच्या बाकावरून वेंडल स्ट्रीगल शिंकला. साधंसुधं शिंकणं नव्हे. धान्याच्या कोठाराचं दार वाऱ्याने आपटावं तसा आवाज. टेसाचे हात कचरले आणि चेंडू रिंगच्या हातभर अलीकडे पडला. कशालाही न लागता.

बास्केटखाली उभ्या असलेल्या लॉयडने शिट्टी मारली. चेंडू हॅन्सबर्गला. हिरवी बाजू नाचायला लागली. आणि मग, चेंडू जमिनीवर दोनदा उडून थांबायला आला तेव्हा, बाकापासून चार पावलांवर उभ्या असलेल्या मार्लीसचा हात आडवा झाला, मूठ वळली, आणि तिचीही शिट्टी वाजली.

टेसाला पुन्हा चेंडू मिळाला. तिने तो घातला. ऑटर फोर्क अकरा वर्षांनी हॅन्सबर्गला हरवून मोकळं झालं, आणि मार्लीसला दोन माणसांच्या सोबतीने गाडीपर्यंत जावं लागलं.

*

"माझं म्हणणं दोनच मुद्द्यांत आहे," वेंडलने टाइप केलेला कागद टेबलावर ठेवून हाताने सपाट केला. "एक. शिंक माणसाच्या हातात नसते. हॉबर्ट, तुमच्याच वहीत आहे. अठ्ठ्याऐंशी साल, कोच प्रूइटचा खोकला."

हॉबर्टनी वही उघडली. पान त्यांना पाठच होतं, पण चष्मा लावून वाचलं. "'अंगातून आपोआप आलेल्या आवाजाला शिट्टी नाही. मुद्दाम काढलेल्या आवाजाला आहे. दोन्हींतला फरक ज्याने ऐकला त्या रेफरीने ठरवायचा.' प्रूइटला खरंच खोकला होता हो. मार्चमध्ये न्यूमोनियाने आडवा झाला बिचारा."

"तेच तर. आणि दुसरा मुद्दा," वेंडलचा आवाज चढला, हॉबर्टनी बोट वर केलं, आवाज उतरला. "दुसरा मुद्दा हा, की समजा हिला माझी शिंक खोटी वाटली, तर मूठ तेव्हाच वळायला हवी होती. वळली कधी? चेंडू चुकलेला बघितल्यावर. तीन सेकंद गेल्यावर. हिने आधी निकाल बघितला आणि मग ठरवलं कुणाला जिंकवायचं ते. का, ते मी बोलत नाही. इथे सगळ्यांना माहीत आहे."

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी कॉफी ढवळली, साखर न घालताच.

"लॉयड?" हॉबर्टनी विचारलं.

लॉयडचा धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. त्यामुळे त्याने काहीही सांगितलं तरी घरात कुणी गेल्यासारखं वाटतं. "मला सांगायला वाईट वाटतं," तो हळुवार म्हणाला, "पण मूठ उशिरा वळली. मी शाळेचं चित्रण चार वेळा पाहिलं. शिंक, मग चेंडू, मग चेंडूच्या दोन उड्या, मग मार्लीस."

"चार वेळा कशाला पाहिलंस रे?" मागून आवाज आला. "तू स्वतः कसा दिसतोस ते बघायला ना?"

"पोट दिसतं का ते बघत होता!"

"गप्प बसा रे," हॉबर्ट म्हणाले. "मार्लीस, पोरी, चित्रण मीही पाहिलंय. मला एवढंच विचारायचंय. सतरा वर्षांत तुझी मूठ कधी उशिरा वळलेली मी पाहिली नाही. या वेळी का?"

इथेच तर माशी शिंकली होती. मार्लीसने शनिवारी लेखी उत्तर दिलं होतं, एका ओळीचं. 'माझ्या मते आवाज मुद्दाम काढलेला होता.' त्यात खोटं काही नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. पूर्ण खरं सांगायचं, तर संसार चव्हाट्यावर आणायचा. आणि वेंडल तेच तर म्हणत होता, की शिट्टी रेफरीने नाही, बायकोने वाजवली. सांगितलं तर त्याच्याच हाती कोलीत. न सांगितलं तर 'आधी निकाल बघितला आणि मग ठरवलं', आणि त्याहून घाण आरोप रेफरीवर दुसरा नसतो. तिने कप खाली ठेवला. रविवारी दिवसभर तिने दोन्ही बाजूंनी विचार केला होता आणि झोपताना ठरवलं होतं की काही झालं तरी बोलायचं नाही. पण हॉबर्टनी सरळ विचारलं होतं, आणि हॉबर्टशी ती आजवर सरळच वागली होती.

"मी थांबले होते," ती म्हणाली.

"कशाला?"

"दुसरीला. आणि तिसरीला."

कुणालाच काही कळलं नाही. वेंडललाही नाही.

"हा माणूस एकदा शिंकत नाही," मार्लीस म्हणाली. तिने वेंडलकडे बघायचं टाळलं आणि निळ्या वहीकडे बघत बोलत राहिली. "तीनदा शिंकतो. कायम तीनदा. धुळीने असो, उन्हाने असो, माझ्या बहिणीच्या अत्तराने असो. पहिली मोठी, दुसरी त्याहून मोठी, मग जरा थांबतो, आणि मग तिसरी. तिसरीला आमचा कुत्रा खोलीतून निघून जायचा. एकोणीस वर्षांत एकदाही दोन नाही की चार नाहीत. शुक्रवारी मी पहिली ऐकली आणि मूठ वळणार होते. पण मनात आलं, खरी असली तर? मग गुन्हा नाही. म्हणून थांबले. दुसरी आली नाही. तिसरी आली नाही. तेव्हा कळलं की ही नाकातली नाही, डोक्यातली आहे. मग मूठ वळली. चेंडू कुठे पडला ते मी बघितलंच नव्हतं, हॉबर्ट. मी वेंडलच्या नाकाकडे बघत होते."

अकराच्या अकरा रेफरी असे हसले की वरच्या मजल्यावर तालमीला बसलेल्या भजनमंडळींचा सूर चुकला. लॉयड टेरविस्कसुद्धा हसला. धंद्याच्या हिशेबाने हे त्याला शोभणारं नव्हतं.

"हे काय चाललंय!" वेंडल उभा राहिला. कान लालभडक. "ही काय साक्ष झाली? पाच वर्षं झाली! माणूस बदलतो! माझ्या शिंका आता... आता वेगळ्या आहेत!"

"किती येतात आता?" हॉबर्टनी गंभीरपणे विचारलं. पेन्सिल हातात तयार.

बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. स्वतःच्या शिंका कोण मोजत बसतं?

"एक," तो म्हणाला. "एकच येते. घरी विचारा हवं तर. डार्ला पहिल्या शिंकेलाच 'देव भलं करो' म्हणते."

डार्ला ही त्याची आताची बायको, दातांच्या दवाखान्यात कामाला, स्वभावाने गोड, बोलायला तुरुतुरु. ती पहिल्या शिंकेनंतर थांबत नसणार यावर मार्लीसचा लगेच विश्वास बसला.

"म्हणजे एकीची साक्ष तीनची आणि एकाची साक्ष एकची," हॉबर्ट म्हणाले. "हे माझ्या वहीत कुठेच नाही."

*

एवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून इर्मा आल्या. इर्मा स्ट्रीगल, वय अठ्ठ्याहत्तर, या तळघराच्या किल्ल्या आणि इथल्या भट्टीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. दर सोमवारी रेफरींना पर्सिमन नावाच्या फळाचं पुडिंग त्याच करून घालतात. वेंडल त्यांचा मुलगा. मार्लीस त्यांची सून होती, आणि इर्मांच्या मते अजूनही आहे, कारण घटस्फोटाच्या कागदावर त्यांची सही कुणी घेतलेली नव्हती.

त्यांनी मोठं ताट टेबलावर ठेवलं, बरोबर वेंडलच्या समोर. मग एप्रनच्या खिशातून एक जायफळ आणि बोटाएवढी किसणी काढली.

"आई, नको," वेंडल म्हणाला.

"काय नको? जायफळाशिवाय पुडिंग कुणी खातं का?" इर्मा किसायला लागल्या. त्या एरवी चिमूटभर जायफळ घालतात. आज हात थांबेना. शिवाय पुडिंग इकडे आणि किसणी तिकडे, असं काहीतरी त्यांचं चाललं होतं. अर्धं जायफळ वेंडलच्या हिरव्या जाकिटावर उतरलं.

"इर्मा, आपण मध्ये पडू नका," लॉयड नियमाला धरून म्हणाला.

"मी कुठे पडले? मी प्रेक्षक आहे," इर्मा म्हणाल्या. "प्रेक्षकांना काही नियम नाही. चाळीस वर्षं इथे कॉफी ओततेय, तेवढं मलाही येतं."

वेंडलच्या नाकपुड्या फुलल्या. त्याने वर छताकडे बघितलं. खाली बघितलं. मग तळघर हादरलं.

"एक," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

कॉफीचे कप अजून थरथरत होते तेवढ्यात दुसरी आली. पहिलीपेक्षा मोठी. जायफळाचा ढग उठला आणि हॉबर्टच्या चष्म्यावर बसला.

"दोन!" आता सगळेच म्हणाले.

आणि मग ती मधली जागा आली. ही जागा मार्लीसला स्वतःच्या घराच्या जिन्यासारखी पाठ होती. दोन श्वास, तोंड अर्धं उघडं, डोळे मिटलेले, उजवा हात काहीतरी शोधत हवेत. पण या वेळी वेंडलने डोळे उघडले. त्याला आठवलं. तिसरी आली तर तो हरला. तिसरी नाही आली, तर दोन शिंका म्हणजे तीन नव्हेत, मार्लीसची साक्ष खोटी, आणि तिचं नाव यादीतून बाद. त्याने अंगठा आणि बोट यांच्यात नाक गच्च दाबून धरलं.

आता हसणं थांबलं. नाक दाबून बसलेला एक छप्पन्न वर्षांचा माणूस आणि त्याच्याकडे बघणारी सगळी खोली. वेंडलचा चेहरा जाकिटावरच्या हिरव्याला न शोभणाऱ्या रंगाचा झाला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खांदे एकदा उडाले, त्याने ते दाबले. इर्मांनी किसणी खाली ठेवली होती. त्यांचंही तोंड उतरलं होतं. पोराला शिंकवणं त्यांच्या हातात होतं, त्यापुढचं नव्हतं.

त्याला जमणार, असं मार्लीसला वाटलं. भलता हट्टी माणूस. हट्टापायीच तर सगळं गेलं होतं. सतरा वर्षं त्या नाकात अडकलेली बघून तिला रडू यायला हवं होतं, पण तिला भलतंच काहीतरी आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती वेंडलच्या पहिल्या शिंकेला 'देव भलं करो' म्हणाली होती, आणि मग दुसरी आली, मग तिसरी, आणि दोघं पोट धरून हसली होती. तेव्हापासून ती तिसरीपर्यंत थांबायची. तशीच ती आत्ताही थांबली होती. ठरवून नव्हे, सवयीने. तिचे ओठ 'देव' म्हणायच्या तयारीत अर्धे उघडले होते. समोरचा कागदी रुमाल तिने केव्हा त्याच्या दिशेने सरकवला, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

वेंडलला ते दिसलं. पाणावलेल्या डोळ्यांनी त्याने आधी रुमाल बघितला, मग तिला. ती थांबली होती. खोलीतली बाकीची माणसं तो हरतो का जिंकतो याची वाट बघत होती. ती फक्त तिसऱ्या शिंकेची वाट बघत होती.

त्याने नाक सोडलं.

तिसरी शिंक अशी आली की वरच्या भजनमंडळींनी तालीम थांबवली आणि कुणीतरी जिन्यातून हाक मारून विचारलं, भट्टी फुटली का म्हणून. वेंडल आंधळ्यासारखा टेबल चाचपडत होता. रुमाल हाताशी होता, पण त्याला सापडला तो टाइप केलेला कागद. त्याने तो उचलला आणि त्यात मनसोक्त नाक शिंकरलं. दोनदा.

"देव भलं करो," मार्लीस म्हणाली.

"थँक यू," वेंडल म्हणाला, आणि मग आपल्या हातात काय आहे ते त्याला दिसलं.

हॉबर्टनी चष्मा काढून पुसला. "वेंडल, तक्रार मागे घेतली असं लिहू का? तशी ती आता कुणाच्या हातात देण्यासारखी राहिलेली नाही."

"लिहा," वेंडल म्हणाला. त्याने कागदाचा बोळा केला आणि खिशात घातला. मग मान खाली घालून पुटपुटला, "शुक्रवारची मुद्दाम काढली होती. बरोबरी झाली होती हो. सुचलं आणि काढली. पोरींना वाटलं मला सर्दी झालीय, शनिवारी घरी सूप आणून दिलं. तेव्हापासून झोप नाही मला."

"सूप प्यायलास?" इर्मांनी विचारलं.

"प्यायलो."

"लाज वाटायला हवी."

"वाटली ना. तरी प्यायलो."

हॉबर्ट वहीत लिहू लागले होते. मार्लीसने हात वर केला, शाळेत करतात तसा. "माझंही लिहा. मूठ उशिरा वळली, ही चूक माझी आहे. शंका आली तर मूठ आधी वळायची आणि मग विचार करायचा. टेसाला तीन सेकंद वाटलं असेल की आपण हातची संधी घालवली. पंधरा वर्षांची पोर आहे ती."

"लिहितो," हॉबर्ट म्हणाले. "मूठ वळायला उशीर, नियम बरोबर. आणि विभागीयच्या यादीबद्दल मला फोन करायचाच नाही, तेव्हा तो तेवढा वाचला. लॉयड, पुडिंग वाढ. तोंड असं नको करूस, कुणी मेलेलं नाही."

पुडिंगवर जायफळ फार झालं होतं. तरी सगळ्यांनी खाल्लं, कारण इर्मा बघत होत्या. वेंडल दाराशी जाकिटाची चेन लावत घोटाळत राहिला. मार्लीस कप धुवायला निघाली तेव्हा तो म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं. तीन येतात ते."

"डार्लाला सांग. म्हणावं, थांब."

"कसं सांगू? ती पहिल्यालाच म्हणून टाकते. मग बाकीच्या दोन मला उगाच कुणाच्या तरी घरात शिरल्यासारख्या वाटतात." तो ओशाळून हसला. "विभागीयला बघायला येऊ का? आमचा संघ नाही त्यात. प्रेक्षकांत बसेन."

मार्लीसने त्याच्या जाकिटावरचं जायफळ दोन बोटांनी झटकलं, टपालावरची धूळ झटकावी तसं.

"ये," ती म्हणाली. "प्रेक्षकांत बसून हवं तेवढं शिंक. पण पूर्ण शिंक."